पस्तीस वर्षांनंतरचे 'आज'

१९६६ साली न्यूयॉर्कच्या व्हॅनगार्ड कंपनीने सत्तरी ओलांडलेल्या एका गिटारवादकाची नवी तबकडी बाजारात आणली आणि तिला नाव दिले 'टुडे!', म्हणजे 'आज!', त्या दोन अक्षरांपुढे उद्गारचिन्हही घातले. तबकडीवर गाणी बारा. त्यांपैकी तीन या वृद्ध कलावंताने अडतीस वर्षांपूर्वी, १९२८ सालीच ध्वनिमुद्रित केलेली होती. उरलेल्यांपैकी बहुतेक नाचाच्या मैफलींत, घराच्या ओसरीवर आणि प्रार्थनामंदिरात पिढ्यान्‌पिढ्या गायिली जाणारी, ज्यांचा कर्ता कोण हे विचारण्याची त्या समाजाला गरजच वाटत नसे अशी. मग या तबकडीत 'आज' ते काय होते? मिसिसिपी जॉन हर्ट यांचे संगीत जितके अधिक ऐकावे तितका हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटत गेला आहे, आणि त्याचे उत्तर त्या कंपनीने जाहिरातीच्या उत्साहात निवडलेल्या त्या नावातच कसे कोण जाणे, पण पूर्णपणे आले आहे, अशी माझी धारणा आहे.

अमेरिकेच्या दक्षिणेतील मिसिसिपी राज्यात, कॅरोल परगण्यातील टीओक येथे १८९२ किंवा १८९३ साली हर्ट यांचा जन्म झाला; नक्की साल कोणते याविषयी दफ्तरांत एकवाक्यता नाही, आणि गुलामगिरीतून मुक्त होऊन तीसच वर्षे लोटलेल्या एका गरीब कृष्णवर्णीय कुटुंबातील मुलाच्या जन्माची नोंद काटेकोरपणे ठेवण्याची तसदी त्या काळी तेथे कोण घेणार होते? ते वाढले जवळच्याच अ‍ॅव्हलॉन या खेड्यात. या खेड्याचे स्थान लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याच्या पश्चिमेस मिसिसिपी नदीच्या गाळाने बनलेला, क्षितिजापर्यंत कापसाखाली गेलेला सपाट प्रदेश पसरतो, ज्याला तेथे 'डेल्टा' म्हणतात आणि जेथून चार्ली पॅटन, सन हाउस यांच्यासारख्या गायकांचे ब्लूज, ऊर फाटून निघाल्यासारखे ते गाणे, आले. तर पूर्वेस टेकड्या सुरू होतात, जेथे शेते लहान, वस्ती विरळ आणि गाण्याची चालही निराळी. अ‍ॅव्हलॉन या दोहोंच्या सीमेवर आहे. हर्ट यांच्या गळ्यात आणि हातात डेल्टाचा आक्रोश नाही, टेकड्यांतील संथपणा आहे, ही गोष्ट भूगोलाने ठरवली असे मी म्हणणार नाही, परंतु भूगोल तिच्या आड आला नाही एवढे खरे.

नऊ वर्षांच्या सुमारास आईने दीड डॉलरला घेऊन दिलेल्या गिटारीवर मुलगा आपला आपण शिकला. विल्यम हेन्री कार्सन नावाचा एक वादक अधूनमधून त्यांच्या घरी मुक्कामास येई. त्याचे वाजवणे कानात साठवावे आणि मागाहून हाताने शोधून काढावे, एवढेच काय ते गुरुकुल. पुढचे सारे आयुष्य दुसऱ्याच्या जमिनीवर अर्धेलीने कापूस-मका पिकवण्यात, अधूनमधून रेल्वेमार्गावर वा बांधबंदिस्तीच्या कामावर मजुरी करण्यात गेले. आणि शनिवारी रात्री आसपासच्या गावांतील नाचांना साथ करण्यात. हे नाच गोऱ्यांचेही असत आणि काळ्यांचेही. विली नार्मर हा गोरा फिडलवादक आपला नेहमीचा साथीदार नसला म्हणजे हर्ट यांना बोलावून नेई, आणि या नार्मरमुळेच पुढचा योग आला. ओके या कंपनीचे टॉमी रॉकवेल नार्मरच्या वादनाचे ध्वनिमुद्रण ठरवण्यासाठी त्या भागात आले असता त्यांनी आणखी कोणी गुणी माणूस ठाऊक आहे काय अशी विचारणा केली, आणि नार्मरने त्यांना थेट हर्ट यांच्या दारात नेऊन उभे केले.

१४ फेब्रुवारी १९२८ रोजी मेम्फिस येथे पहिले ध्वनिमुद्रण झाले. त्याची आठवण हर्ट यांनी पुढे सांगितली आहे: एक भलेमोठे दालन, त्यात रॉकवेल, यंत्र चालवणारा आणि आपण एवढे तिघेच, खुर्चीवर बसवून मायक्रोफोन तोंडाशी आणून ठेवला आणि योग्य अंतर सापडल्यावर जराही हलायचे नाही असा हुकूम झाला, ज्यापायी त्यांची मान पुढे कित्येक दिवस अवघडलेली राहिली. जो मनुष्य आजवर घामाने निथळणाऱ्या, पाय आपटणाऱ्या माणसांच्या गराड्यात वाजवीत आला होता त्याला त्या रिकाम्या दालनात, मान ताठ धरून, कोणासाठी म्हणून गावे हे कसे उमगले असेल, याची कल्पना मी अनेकदा करून पाहिली आहे. त्या दिवशीच्या आठ गाण्यांपैकी दोन प्रसिद्ध झाली. त्यांचा खप कंपनीला पुरेसा वाटला असावा, कारण त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यांना न्यूयॉर्कला बोलावणे आले. नावाआधी 'मिसिसिपी' हे बिरुद लावले कंपनीनेच, खपाच्या सोयीसाठी. त्या अफाट, गोठलेल्या शहरात घराची ओढ लागलेल्या हर्ट यांनी 'अ‍ॅव्हलॉन ब्लूज' हे गाणे गायिले आणि त्यात आपल्या खेड्याचे नाव घेतले. या एका नावावर पुढे केवढा मोठा हवाला बसायचा होता, हे त्या खोलीतील कोणालाच ठाऊक असणे शक्य नव्हते. दुसऱ्याच वर्षी शेअरबाजार कोसळला, मंदी आली, आणि खेड्यापाड्यांतील गायकांच्या तबकड्यांचा तो धंदाच बसला. हर्ट परत आपल्या शेतावर गेले. त्या सालाची तेरा गाणी तेवढी आज उपलब्ध आहेत.

येथे वाचकांसाठी एक खुलासा आवश्यक आहे. ब्लूज म्हटले की बारा मापांचा एक ठरीव साचा, तीन ओळींचे कडवे, त्यांतील पहिली ओळ दुसऱ्यांदा तशीच म्हणून तिसरीने तिला उत्तर द्यायचे, अशी व्याख्या पाठ्यपुस्तकांत आढळते, आणि ती खोटी नाही. परंतु हर्ट यांच्या संग्रहात या साच्यातील गाणी थोडीच आहेत. ते ज्या जुन्या परंपरेचे वारसदार होते तिला तेथे 'साँगस्टर' म्हणतात, अर्थात ज्याला सगळ्या प्रकारची गाणी येतात असा गावचा गायक: खुनांचे पोवाडे, रेल्वेमजुरांची श्रमगीते, नाचाच्या चाली, चावट गाणी, आणि रविवारी सकाळी चर्चमधील स्तोत्रे. ब्लूज हा या मोठ्या भांडारातला केवळ एक कप्पा. १९२० नंतर तबकड्यांच्या व्यापाराने कृष्णवर्णीय गायकांकडून मुख्यतः ब्लूजचीच मागणी केली आणि बाकीचे कप्पे हळूहळू झाकले गेले. ते उघडे ठेवणाऱ्या थोड्या माणसांपैकी हर्ट हे एक होत.

आता त्यांच्या उजव्या हाताविषयी. कारण सारे रहस्य तेथे आहे. हर्ट बोटांनी वाजवीत. अनामिका आणि करंगळी ते गिटारीच्या अंगावर टेकवून ठेवीत, आणि मोकळे राहत अंगठा, तर्जनी आणि मध्यमा. अंगठ्याचे काम एकच: खर्जाच्या तारांवर आळीपाळीने, एका मात्रेला एक, असा अखंड ठोका देत राहणे. गाणे काहीही होवो, कडवे संपो वा सुरू होवो, स्वरबंध बदलो, गाणारा श्वास घेण्यासाठी थांबो, अंगठा थांबत नाही. तो चालत्या माणसाच्या पावलांसारखा आहे. आणि या पावलांच्या वर, पातळ तारांवर, तर्जनी आणि मध्यमा गाण्याची चाल वाजवतात, पण ती मात्रेवर कधी पडते, कधी दोन मात्रांच्या मध्ये, कधी येता येता थबकते. ऐकणाऱ्याला दोन वादकांचा भास होतो. कित्येकदा तर ओळीचा उत्तरार्ध हर्ट गातच नाहीत. शब्द अर्ध्यावर सोडून देतात आणि उरलेली ओळ तारांकडून म्हणवून घेतात, जणू काय घरातील एका माणसाने सुरू केलेले वाक्य दुसऱ्याने पुरे करावे. हे तंत्र वरवर इतके सोपे दिसते की नवशिक्याला ते आठवडाभरात येईल असे वाटते. आणि ठोके व सूर यांची घडी त्याला खरोखरच काही महिन्यांत जमतेही. जमत नाही तो त्या अंगठ्याचा निवांतपणा. तो घाई करीत नाही आणि रेंगाळतही नाही, आणि गेल्या साठ वर्षांत ही गाणी शिकलेल्या हजारो हातांपैकी फारच थोड्यांना ती गोष्ट साधलेली मी ऐकली आहे. अमेरिकन गायक पीट सीगर यांच्या 'रेनबो क्वेस्ट' या दूरचित्रवाणी कार्यक्रमात हर्ट यांचे वादन चित्रित झालेले आहे. जिज्ञासूंनी ते अवश्य पाहावे, आणि पाहताना चेहऱ्याकडे पाहण्याचा मोह आवरून हाताकडे पाहावे.

१९२८ ते १९६३ या पस्तीस वर्षांत जगाच्या दृष्टीने जॉन हर्ट नव्हतेच. १९५२ साली हॅरी स्मिथ या संग्राहकाने जुन्या तबकड्यांतून निवडून अमेरिकन लोकसंगीताचे एक मोठे संकलन सिद्ध केले आणि त्यात हर्ट यांची दोन गाणी घातली. त्या संकलनावर वाढलेल्या शहरी तरुणांच्या पिढीने त्यांना ऐकले, वाखाणले, आणि हा मनुष्य कधीच निवर्तला असणार असे गृहीत धरले. तिकडे अ‍ॅव्हलॉनमध्ये हर्ट जमीनदाराची गुरे राखीत होते. परंतु येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. त्याच सुमारास पुन्हा सापडलेल्या सन हाउस यांनी गिटार वाजवणे दीर्घ काळ सोडून दिले होते, आणि १९६४ मध्ये त्यांना शोधून काढल्यावर अ‍ॅलन विल्सन या तरुण वादकाला, त्यांच्याच जुन्या तबकड्यांवरून शिकलेली त्यांचीच गाणी त्यांना परत आठवून द्यावी लागली. या हकीकतीत एक करुण सौंदर्य आहे. हर्ट यांच्यावर ती वेळ आली नाही. त्यांनी संगीत हा व्यवसाय म्हणून कधी धरलाच नव्हता, त्यामुळे व्यवसाय बुडाल्यावर सोडून देण्यासारखे त्यांच्यापाशी काही नव्हते. शेजारपाजारच्या नाचांत, घरच्यांसमोर, कामावरून आल्यावर ओसरीवर, ही गाणी वापरात होती. वापरातील भांडे जसे झिजते, पण गंजत नाही, तशी ती राहिली.

शोधाची कथा सुप्रसिद्ध आहे, तरी ती सांगितल्यावाचून राहवत नाही. टॉम हॉस्किन्स या वॉशिंग्टनकडील तरुणाने 'अ‍ॅव्हलॉन ब्लूज' ऐकले, आणि गायक आपल्या गावाचे नाव सांगतो आहे तर ते गाव शोधावे, असे त्याच्या मनाने घेतले. प्रचलित नकाशांत अ‍ॅव्हलॉन सापडेना. ते सापडले १८७८ सालच्या एका जुन्या नकाशासंग्रहात, ग्रीनवुड आणि ग्रेनेडा या गावांच्या दरम्यान. १९६३ च्या आरंभी हॉस्किन्स तेथे जाऊन थडकला, दुकानाशी चौकशी केली, आणि लोकांनी घर दाखवले. एवढ्या दूरवरून आलेला हा गोरा तरुण सरकारी गुप्त पोलिसांपैकी असावा, असे हर्ट यांना प्रथम वाटले. या शंकेला हसण्याचे कारण नाही. तो काळ कोणता होता? नजीकच्याच ग्रीनवुडमध्ये त्याच महिन्यांत कृष्णवर्णीयांच्या मतदार-नोंदणीची चळवळ आणि तिच्यावरचा जुलूम ऐन भरात होता. जूनमध्ये त्याच राज्याच्या राजधानीत मेडगर एव्हर्स या नेत्याचा खून झाला. अशा मुलखात एका काळ्या शेतमजुराच्या दारात अनोळखी गोरा माणूस येऊन त्याचे नाव विचारतो, तेव्हा आपल्या हातून काय कसूर झाली, हाच विचार मनात प्रथम यावा, हे सर्वथा स्वाभाविक होते. घरात स्वतःची गिटार नव्हती. हॉस्किन्सने आपली पुढे केली.

त्याच वर्षीच्या जुलैत वॉशिंग्टनमधील काँग्रेसच्या ग्रंथालयासाठी त्यांच्या गाण्यांचे विस्तृत ध्वनिमुद्रण झाले, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात, हजारो तरुणांसमोर, डोक्यावर हॅट घातलेला हा लहानखुरा, सौम्य वृद्ध येऊन बसला. पीडमाँट या छोट्या कंपनीने 'फोक साँग्ज अँड ब्लूज' आणि 'वरीड ब्लूज' अशा दोन तबकड्या काढल्या. मग व्हॅनगार्डने 'टुडे!', जिचे निर्माते पॅट्रिक स्काय हे स्वतः गायक होते. कराराच्या अटी आणि हक्क यांवरून पुढे कज्जेदलालीही झाली. आयुष्यभर अर्धेलीचा हिशेब दुसऱ्याच्या वहीत लिहिला गेलेल्या माणसाला म्हातारपणी गाण्याचा हिशेबही दुसऱ्यांच्या कागदांत शोधावा लागला, ही गोष्ट मला बोचत राहिली आहे.

१९२८ ची तबकडी तीन मिनिटांच्या आसपास संपे, कारण त्याहून अधिक तिच्यावर मावतच नसे. गाणाऱ्याला दारात उभे राहून निरोप सांगितल्यासारखे गावे लागे. दीर्घवादन तबकडी १९४८ नंतरची. तिच्यावर गाणे आपल्या अंगच्या लांबीने पसरू शकते, आणि बारा गाणी एकमेकांच्या शेजारी बसून एक संध्याकाळ तयार होते. 'टुडे!' मध्ये कॉफीवरचे ते मिश्कील गाणे आहे, ज्यातील एका शब्दप्रयोगावरून 'लव्हिन स्पूनफुल' या पुढे विख्यात झालेल्या तरुण गायकवृंदाने आपले नाव घेतले. 'टॉकिंग केसी' आहे, ज्यात तारेवर घसरणाऱ्या सुरांनी आगगाडीची शिटी आणि घंटा बोलू लागतात. आणि अखेरीस 'ब्यूला लँड' हे भक्तिगीत आहे. आवाज १९२८ च्या मानाने खाली उतरला आहे. काही गाण्यांची लयही. पण उणीव म्हणून ते कोठेही जाणवत नाही. पस्तिशीच्या माणसाने सांगितलेली गोष्ट आणि तीच गोष्ट त्याने सत्तरीत सांगितलेली, यांत जेवढे अंतर असावे तेवढेच ते आहे.

हा फरक सर्वांत खोल उमटतो तो खुनांच्या गाण्यांत. हर्ट यांच्या संग्रहात अशी गाणी बरीच. 'फ्रँकी' मधील स्त्री आपल्या बेइमान प्रियकरास गोळी घालते. मूळ घटना १८९९ सालची, सेंट लुईसमधील. 'स्टॅक ओ'ली' हाही त्याच शहरातला मामला: १८९५ च्या नाताळात ली शेल्टन याने बिली लायन्स यास एका टोपीवरून झालेल्या तंट्यात ठार केले. अशी गाणी अन्य गायक आवेशाने, मारेकऱ्याच्या रगेलपणात रमून म्हणतात. हर्ट यांच्या मुखातून ती येतात तेव्हा, घडून गेलेल्या गोष्टीबद्दल शेजारच्या ओट्यावर हलक्या आवाजात बोलावे तशी येतात. आणि 'स्पाइक ड्रायव्हर ब्लूज'! वाफेच्या यंत्राशी स्पर्धा करून प्राण सोडणारा जॉन हेन्री हा अमेरिकन लोककथेचा महानायक. त्याच्यावरची बहुतेक गाणी त्याच्या पराक्रमाची आहेत. हर्ट यांच्या गाण्याचा नायक मात्र, ज्या हातोड्याने जॉन हेन्रीचा बळी घेतला तो मुकादमाकडे परत पाठवून देतो, आणि काम सोडून आपल्या वाटेने चालू लागतो. एवढे शांत बंड मी दुसऱ्या कोणत्या श्रमगीतात ऐकलेले नाही. १९२८ मध्ये ते एका तरुण मजुराचे होते. १९६६ मध्ये ते अशा माणसाचे आहे, ज्याने मधली सगळी वर्षे तो हातोडा प्रत्यक्षात खाली ठेवला नव्हता.

२ नोव्हेंबर १९६६ रोजी ग्रेनेडा येथे हर्ट यांचे निधन झाले. पुनःशोधानंतर त्यांना पुरती चार वर्षेही मिळाली नाहीत. १९६७ मध्ये 'द इमॉर्टल' आणि १९७२ मध्ये 'लास्ट सेशन्स' या तबकड्या त्यांच्या मागे निघाल्या. २००१ मध्ये त्यांच्या गाण्यांना अनेक नामवंत गायकांनी मिळून एका तबकडीद्वारे अभिवादन केले. २००९ च्या यादीत 'टुडे!' ला अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण-सूचीत स्थान मिळाले. त्यांचे जुने लाकडी घर संग्रहालय म्हणून जपले होते, ते २०२४ मध्ये आगीत जळून गेले.

ज्या वाचकाने यांपैकी काहीच ऐकलेले नाही त्याला मी एवढेच सुचवीन की 'लुई कॉलिन्स' हे एकच गाणे घ्यावे आणि आधी १९२८ चे व लगेच १९६६ चे ऐकावे. लोक बोलत होते त्यावरून आपण हे गाणे जुळवले, असे हर्ट सांगत. एक तरुण गोळीने मरतो, त्याची आई रडते, देवदूत त्याला मातीआड निजवतात. कोणी मारले, का मारले, याचा तपशील जवळजवळ नाहीच. पहिल्या ध्वनिमुद्रणात मला लुई दिसतो. दुसऱ्यात, तीच चाल, तेच शब्द आणि खर्जावर तोच अंगठा चालू असताना, मला दर वेळी त्याची आई दिसते.